सण सरकतात, पण कसे? पाच ओळींचं एक कोडं

खाली पाच सण आहेत. प्रत्येकाच्या लागोपाठ चार वर्षांच्या तारखा दिल्या आहेत आणि नावं मुद्दाम झाकली आहेत.

पहिला: १४ जानेवारी २०२२, १५ जानेवारी २०२३, १५ जानेवारी २०२४, १४ जानेवारी २०२५
दुसरा: ३१ ऑगस्ट २०२२, १९ सप्टेंबर २०२३, ७ सप्टेंबर २०२४, २७ ऑगस्ट २०२५
तिसरा: ३ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, ११ एप्रिल २०२४, ३१ मार्च २०२५
चौथा: १७ एप्रिल २०२२, ९ एप्रिल २०२३, ३१ मार्च २०२४, २० एप्रिल २०२५
पाचवा: २४ नोव्हेंबर २०२२, २३ नोव्हेंबर २०२३, २८ नोव्हेंबर २०२४, २७ नोव्हेंबर २०२५

पहिली आणि दुसरी ओळ मराठी वाचकापासून फार वेळ लपणार नाही. पण नुसतं नाव ओळखून भागत नाही. प्रत्येक सण कोणत्या हिशेबाने सरकतो ते सांगायचं आणि त्या हिशेबाने २०२६ ची तारीख काढायची, हे खरं कोडं. दिनदर्शिका उघडायची नाही.

तारखांकडे नुसतं बघत बसलं तर हाती फारसं लागत नाही. दुसरी ओळ पुढे उडी मारून मागे येते, चौथी मागे जाऊन पुढे उडी मारते. तिसरी आणि चौथी तर २०२३ ते २०२४ या काळात एकाच चालीने मागे सरकतात आणि दोघींमध्ये ३१ मार्चही येतो, त्यामुळे त्या बहिणी वाटतात. तशा त्या नाहीत. तारीख हा इथे निव्वळ मुखवटा आहे. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिने कधी ३० चे, कधी ३१ चे, एक २८ चा, आणि दर चार वर्षांनी त्यातही भर. या असमान पट्टीवर दुसऱ्याच मापाने चालणारा सण मोजला की त्याची चाल वेडीवाकडी दिसणारच.

म्हणून पट्टी बाजूला ठेवायची आणि दोन सणांमधले दिवस मोजायचे. रीत सोपी आहे. एका वर्षीच्या तारखेपासून पुढच्या वर्षीच्या त्याच तारखेपर्यंत ३६५ दिवस, मध्ये २९ फेब्रुवारी येत असेल तर ३६६. मग सण जितके दिवस अलीकडे आला तितके वजा, पलीकडे गेला तितके अधिक. उदाहरणार्थ, ३१ ऑगस्ट २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ हे ३६५ दिवस, तिथून १९ सप्टेंबरपर्यंत आणखी १९, एकूण ३८४. असं सगळं मोजलं की पाच ओळी अशा दिसतात:

पहिला: ३६६, ३६५, ३६५
दुसरा: ३८४, ३५४, ३५४
तिसरा: ३५४, ३५५, ३५४
चौथा: ३५७, ३५७, ३८५
पाचवा: ३६४, ३७१, ३६४

मुखवटा इथेच निम्मा गळून पडतो. आता प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायचे. याला ७ ने पूर्ण भाग जातो का? जात असेल तर सण वाराला बांधलेला आहे. हा आकडा ३५४ किंवा ३८४ च्या अगदी जवळ आहे का? असेल तर चंद्राचा हात आहे, कारण एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात, असे १२ महिने म्हणजे सुमारे ३५४.३७ दिवस आणि १३ महिने म्हणजे सुमारे ३८३.९ दिवस. आणि तिसरा प्रश्न, आकडे ३६५ आणि ३६६ यांच्यातच घुटमळतात का? तर सूर्य.

पाचव्या ओळीपासून सुरुवात करू, कारण तिच्यात आकाशातलं काहीच नाही. ३६४ म्हणजे बरोबर ५२ आठवडे, ३७१ म्हणजे ५३. वार कधीच बदलत नाही, आणि तारखा २२ ते २८ नोव्हेंबरच्या बाहेर जात नाहीत. महिन्यातला एखादा वार चौथ्यांदा येतो तेव्हा तारीख २२ ते २८ यांच्यातच असते. २४ नोव्हेंबर २०२२ ला गुरुवार होता. म्हणजे नियम झाला ‘नोव्हेंबरचा चौथा गुरुवार’, आणि हा सण अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग. साध्या वर्षात ५२ आठवड्यांवर एक दिवस उरतो म्हणून गुरुवार एक तारीख मागे येतो, लीप वर्षात दोन. २३ वरून दोन मागे गेलं की २१, पण २१ ला येणारा गुरुवार तिसरा. म्हणून २०२४ मध्ये एक आठवडा जास्त धरावा लागला आणि सण २८ ला गेला. २०२६ चं उत्तर २६ नोव्हेंबर.

या ओळीतला खरा गंमतीचा भाग आकाशाने नाही, राष्ट्राध्यक्षांनी घडवला. पूर्वी हा सण महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी असे. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार होते आणि शेवटचा ३० तारखेला येत होता. नाताळच्या खरेदीला फारच थोडे दिवस उरतात अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती, म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी मानलं नाही, आणि एकाच देशात एकच सण दोन गुरुवारी साजरा झाला. शेवटी १९४१ च्या डिसेंबरमध्ये कायदा करून ‘चौथा गुरुवार’ पक्का करावा लागला. म्हणजे कोड्यातली ओळ कधी कधी गणिताने सुटत नाही, तेव्हा राजपत्र बघावं लागतं.

तिसरी ओळ सगळ्यात प्रामाणिक. ३५४, ३५५, ३५४. बारा चांद्रमास झाले की वर्ष संपलं, सूर्य कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. ही हिजरी कालगणना आणि हा सण रमजान ईद. सौर वर्षापेक्षा हे वर्ष जवळजवळ ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद दर वर्षी १०-१२ दिवस अलीकडे येत सगळ्या ऋतूंतून फिरते. सुमारे ३३ सौर वर्षांत ३४ हिजरी वर्षं बसतात, म्हणजे एखाद्याच्या लहानपणी जी ईद ऐन उन्हाळ्यात आली ती त्याच्या तिशीनंतर पुन्हा त्याच दिवसांत येते. कधी तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा येते. २००० साली ती जानेवारीत आली आणि डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा आली. २०३३ मध्ये तसंच होईल.

२०२६ साठी ३१ मार्चमध्ये ३५४ मिळवले तर २० मार्च, ३५५ मिळवले तर २१ मार्च. दोन्हींपैकी एक, इतकंच गणित सांगू शकतं. महिना सुरू होतो तो चंद्रकोर दिसल्यावर, आणि कोर दिसणं हे ठिकाणावर, क्षितिजावर, ढगांवर अवलंबून. वर दिलेल्या तारखा भारतातल्या आहेत. त्या चारही वर्षी सौदी अरेबियात ईद एक दिवस आधी झाली होती.

दुसऱ्या ओळीत ३५४, ३५४ हे तिसरीसारखंच आहे, फक्त एकदा ३८४ येतं. म्हणजे दोन वर्षं बारा महिन्यांची आणि एक तेरा महिन्यांचं. हे आपलं गणित. सण गणेश चतुर्थी आणि तेरावा महिना म्हणजे अधिक मास.

अधिक मास दर तीन वर्षांनी येतो असं आपण सहज म्हणून जातो. तो कोणी ठरवून घालत नाही. नियम इतकाच की, ज्या चांद्रमासात सूर्य एकही राशी बदलत नाही, म्हणजे ज्यात एकही संक्रांत पडत नाही, तो अधिक. सूर्याला एक राशी पार करायला सरासरी ३०.४४ दिवस लागतात आणि चांद्रमास २९.५३ दिवसांचा. दर महिन्याला जवळजवळ एक दिवसाची तफावत साचत जाते, आणि सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना दोन संक्रांतींच्या मधल्या फटीत बसतो.

२०२३ मध्ये नेमकं काय झालं ते पाहिलं की हे डोळ्यांसमोर येतं. सूर्य कर्क राशीत गेला १७ जुलैच्या पहाटे. त्याच दिवसाच्या मध्यरात्रीच्या सुमारास अमावास्या संपून नवा महिना सुरू झाला. पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी संपली. सूर्य सिंह राशीत गेला तो १७ ऑगस्टला. मधल्या महिन्याच्या वाट्याला एकही संक्रांत आली नाही, तो अधिक श्रावण ठरला, आणि त्यानंतर निज, म्हणजे नेहमीचा, श्रावण, मग भाद्रपद. म्हणून गणपती १९ सप्टेंबरला आले. एका बाजूला सुमारे १९ तासांचं आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ दिवसभराचं अंतर होतं, तेवढ्यावर सगळ्या सणांची तारीख महिनाभर पुढे गेली.

यातून कोड्याला एक उपकोडंही मिळतं. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि नवरात्र २२ सप्टेंबरला सुरू झालं, मध्ये २६ दिवस. २०२० मध्ये गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, पण नवरात्र १७ ऑक्टोबरला, मध्ये तब्बल ५६ दिवस. कारण त्या वर्षी अधिक मास भाद्रपद आणि निज आश्विन यांच्या मध्ये आला होता. त्यामुळे गणपती लवकर आणि दिवाळी उशिरा असं विचित्र वर्ष झालं. ‘या वर्षी सण लवकर आहेत’ हे विधान निम्म्या सणांबद्दल खरं आणि निम्म्यांबद्दल खोटं असू शकतं ते असं.

इथे एक बारकावा आहे जो फार कमी ठिकाणी सांगितला जातो. सूर्य वर्षभर सारख्या वेगाने चाललेला दिसत नाही. पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते, तेव्हा ती हळू फिरते आणि सूर्य एका राशीत ३१ दिवसांहून जास्त रेंगाळतो. जानेवारीत उलटं होतं आणि राशी साडेएकोणतीस दिवसांच्या आत संपते. चांद्रमास तर साडेएकोणतीस दिवसांचाच, त्यामुळे हिवाळ्यात फट उरतच नाही. म्हणून अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन या महिन्यांत येतो आणि अधिक पौष आपण ऐकत नाही. उलट हिवाळ्यात क्वचित एकाच चांद्रमासात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गळून पडतो, तो क्षयमास. तो १९६३-६४ मध्ये आला होता, मग १९८२-८३ मध्ये.

आता २०२६. २०२३ पासून दोन वर्षं १२-१२ महिन्यांची झाली, तफावत पुन्हा साचली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, भाद्रपदाच्या आधीच, म्हणून अंतर ३५४ ऐवजी ३८३ किंवा ३८४. २७ ऑगस्ट २०२५ मध्ये ३८३ मिळवले की १४ सप्टेंबर २०२६, आणि तेच उत्तर आहे.

अधिक मास येणार हे पंचांग न उघडता कसं कळावं? १९ वर्षं मागे जायचं. १९ सौर वर्षांत सुमारे ६९३९.६ दिवस असतात आणि २३५ चांद्रमासांत सुमारे ६९३९.७. फरक जेमतेम दोन तासांचा. हा मेळ अथेन्सच्या मेटनच्या नावाने ओळखला जातो, त्याने तो इ.स.पूर्व ४३२ मध्ये मांडला, पण बॅबिलोनच्या लोकांनाही तो माहीत होता. १९ वर्षांचे १२-१२ महिने म्हणजे २२८, उरले ७. म्हणून १९ वर्षांत ७ अधिक मास. ज्यू लोकांची कालगणना तर हे सातही ठरावीक वर्षांना देऊन मोकळी होते. आपल्याकडे ते प्रत्यक्ष गतीवर सोडलेलं आहे, पण निकाल बहुतेक तोच येतो: २००४ मध्ये अधिक श्रावण होता, २०२३ मध्येही. २००७ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२६ मध्येही. गणेश चतुर्थी २००३ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२२ मध्येही ३१ ऑगस्टला. २००६ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२५ मध्येही. दर वेळी इतकं चोख जुळेलच असं नाही, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. पण आपला १९ वा, ३८ वा, ५७ वा वाढदिवस तिथीने आणि तारखेने एकाच दिवशी किंवा एक दिवसाच्या अंतराने येतो, हे एकदा पडताळून पाहण्यासारखं आहे.

एक दिवसाचा तो फरक तिथीमुळे पडतो. घड्याळाचे दोन काटे जसे एकमेकांवर येतात आणि मग त्यांच्यातला कोन वाढत जातो, तसे अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत असतात आणि मग चंद्र पुढे जात राहतो. हा कोन १२ अंशांनी वाढला की एक तिथी संपली. ३६० ला १२ ने भागा, ३० तिथ्या. पण चंद्राचा वेगही बदलता असतो, त्यामुळे तिथी कधी २० तासांत संपते तर कधी जवळजवळ २७ तास चालते. दिवस मात्र २४ तासांचाच. त्यामुळे तिथी दुपारी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी दुपारी संपते तेव्हा सण कोणत्या दिवशी, हा प्रश्न येतो आणि प्रत्येक सणाने त्याचं उत्तर वेगळं दिलेलं आहे. गणेश चतुर्थीला मध्यान्ही चतुर्थी हवी, लक्ष्मीपूजनाला सूर्यास्तानंतर अमावास्या हवी. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला यावर जो वाद झाला त्याचं मूळ हेच होतं: अमावास्या ३१ च्या दुपारी लागली आणि १ च्या संध्याकाळी संपली. दोन्ही संध्याकाळींना तिचा थोडाथोडा वाटा मिळाला. काशीपासून महाराष्ट्रापर्यंत कोणी चुकलं नव्हतं. दोन संध्याकाळींपैकी कोणती निवडायची याचे नियम वेगवेगळे होते, इतकंच.

चौथी ओळ मला या पाचांत सगळ्यात नाठाळ वाटते. ३५७, ३५७, ३८५. पहिला प्रश्न विचारा: तिन्हींना ७ ने भाग जातो. ५१, ५१ आणि ५५ आठवडे. म्हणजे वाराला बांधलेला सण. पण मग थँक्सगिव्हिंगसारखा तो ५२-५३ आठवड्यांत का राहत नाही? कारण आकडे ३५४ आणि ३८४ च्याही आसपास आहेत. ३५४ ला सगळ्यात जवळचा सातच्या पटीतला आकडा ३५७, आणि ३८४ ला ३८५. चंद्र ओढतोय आणि वार धरून ठेवतोय. दोन मालकांचा हा सण म्हणजे ईस्टर.

नियम असा सांगतात: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. यात सूर्य आहे, कारण २१ मार्च हा वसंतसंपाताच्या, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होण्याच्या क्षणाच्या, जागी धरलेला दिवस. चंद्र आहे, कारण पौर्णिमा. आणि आठवडाही आहे. तिन्ही मापं एकाच वाक्यात. त्यामुळे ईस्टर २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठेही येऊ शकतो. २२ मार्चला तो शेवटचा १८१८ मध्ये आला होता आणि पुन्हा येईल २२८५ मध्ये. दुसऱ्या टोकाला, २५ एप्रिलला, १९४३ मध्ये आला होता आणि २०३८ मध्ये येणार आहे.

२०२५ ची उडी यातूनच समजते. त्या वर्षी पौर्णिमा १३ एप्रिलला होती आणि तो रविवारच होता. नियम ‘नंतरचा’ रविवार म्हणतो, म्हणून ईस्टर आणखी आठवडाभर पुढे, २० एप्रिलला. २०२६ मध्ये पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवारी. लगेच येणारा रविवार ५ एप्रिल. २० एप्रिल २०२५ पासून अंतर ३५० दिवस, म्हणजे बरोबर ५० आठवडे. म्हणून मागच्या तीन अंतरांवरून पुढचं अंतर ताडणाऱ्याचा इथे घात होतो. ३५७ ची सवय लागलेली असते आणि येतं ३५०.

शिवाय या नियमात एक खोच आहे. इथली पौर्णिमा आकाशातली नाही, तक्त्यातली. चर्चने १९ वर्षांच्या त्याच चक्रावर बांधलेल्या तक्त्यातून ती काढली जाते आणि ती खऱ्या पौर्णिमेपेक्षा एखादा दिवस इकडेतिकडे असू शकते. २०१९ मध्ये वसंतसंपात २० मार्चला झाला आणि काही तासांतच, २१ मार्चला, पौर्णिमा झाली. आकाश पाहून ठरवलं असतं तर ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. तक्त्यातली पौर्णिमा मात्र २१ मार्चच्या आधीच पडली, मग पुढच्या पौर्णिमेची वाट पाहिली गेली, आणि ईस्टर २१ एप्रिलला झाला. चार आठवड्यांचा फरक, एका दिवसाच्या तफावतीमुळे. आपला अधिक श्रावण आठवा, तिथेही काठावरचं एक अंतर महिनाभराचा फरक करून गेलं होतं.

ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन कालगणनेने हाच नियम लावतात, म्हणून २०२४ मध्ये त्यांचा ईस्टर ३१ मार्चऐवजी ५ मे रोजी होता. २०२५ मध्ये मात्र दोघांचा २० एप्रिललाच. ज्युलियन गणना मागे पडली ती १५८२ मध्ये, पोप तेरावे ग्रेगरी यांच्या सुधारणेने. त्या वर्षी ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार आला. तारखेने १० दिवसांची उडी मारली, वाराने मारली नाही. या सुधारणेमागचं मोठं कारणही ईस्टरच होतं, कारण संपात २१ मार्चपासून दहा दिवस अलीकडे घसरला होता. आज जगभर चालणारी दिनदर्शिका एका सरकत्या सणाला जागेवर आणण्याच्या खटपटीतून जन्मली, हे मला कायम मजेशीर वाटतं.

ग्रेगोरियन गणनेत ४०० वर्षांत ९७ लीप वर्षं, एकूण १,४६,०९७ दिवस, आणि त्याला ७ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे ४०० वर्षांनी वार-तारखांची अख्खी मांडणी हुबेहूब परत येते आणि थँक्सगिव्हिंगही. ईस्टरच्या तारखांचा क्रम मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला ५७ लाख वर्षं लागतात.

राहिली पहिली ओळ. दिसायला ती सोपी, कारण आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं की मकर संक्रांत तेवढी १४ जानेवारीला, बाकी सगळे सण फिरतात. ही ओळच सांगते की तसं नाही. ३६६, ३६५, ३६५. सूर्य मकर राशीत शिरण्याचा क्षण दर वर्षी सुमारे सहा तासांनी पुढे जातो. २०२२ मध्ये तो १४ तारखेच्या दुपारी होता. २०२३ मध्ये १४ च्याच रात्री, म्हणून सण दुसऱ्या दिवशी. २०२४ मध्ये १५ च्या पहाटे. मग २०२४ चा २९ फेब्रुवारी आला आणि त्याने सगळं एक दिवस मागे खेचलं, म्हणून २०२५ मध्ये १४ च्या सकाळी. २०२६ मध्ये पुन्हा दुपारी, त्यामुळे उत्तर १४ जानेवारी. आणि २०२७ मध्ये १५.

पण ही चार वर्षांची लाट पूर्ववत जागेवर येत नाही. राशी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजल्या जातात आणि ताऱ्यांच्या संदर्भात सूर्याची एक फेरी सुमारे ३६५.२५६४ दिवसांची. ग्रेगोरियन वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचं. फरक दर वर्षी वीस मिनिटांचा, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक दिवस. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. ही एक ऐतिहासिक तारीख पुरेशी आहे. दीडशे वर्षांत संक्रांत १२ वरून १४-१५ वर आली.

याच वीस मिनिटांचा आणखी एक परिणाम आहे. संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं असं आपण म्हणतो, पण सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. कधीकाळी हे दोन्ही दिवस एकत्र होते. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून सरकत राहतात आणि आता ही फट जवळजवळ २४ दिवसांची झाली आहे. आणि हे फक्त संक्रांतीचं नाही. अधिक मास संक्रांतींवरून ठरतो, त्यामुळे गणपती, दसरा, दिवाळी सगळेच सण याच संथ गतीने ऋतूंच्या पुढे चालले आहेत. एका आयुष्यात ते जाणवत नाही इतकंच. सरकारने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली कालगणना सुधारणा समिती नेमली होती, तिचं एक मोठं दुखणं हेच होतं. समितीच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरूही झाली. सरकारी कागदांवर आणि आकाशवाणीवर ती भेटते. सण मात्र जुन्याच पंचांगाने चालतात.

आता सहावी ओळ, सरावासाठी: १ फेब्रुवारी २०२२, २२ जानेवारी २०२३, १० फेब्रुवारी २०२४, २९ जानेवारी २०२५. अंतरं काढली तर ३५५, ३८४, ३५४. सातने भाग एकालाही जात नाही, म्हणजे वाराचा संबंध नाही. दोन्ही कडेचे आकडे बारा चांद्रमासांचे, मधला तेरा महिन्यांचा. म्हणजे गणेश चतुर्थीच्या कुळातला सण, आणि तारखा जानेवारी-फेब्रुवारीतल्या: चिनी नववर्ष.   फक्त गणपतीची तेरा महिन्यांची अंतरं २०२२-२३ आणि २०२५-२६ मध्ये येतात, इथलं पहिलं २०२३-२४ मध्ये आलं. चिनी गणनेतही नियम तोच आहे, सूर्याचा टप्पा न पडलेला महिना अधिक. पण ते टप्पे ताऱ्यांवरून न मोजता संपातापासून मोजतात, आणि वर पाहिलेली २४ दिवसांची फट इथे आडवी येते. त्यामुळे २०२३ मध्ये आपला श्रावण दुप्पट झाला, तर त्यांचा दुसरा महिना. त्यांचा पुढचा अधिक महिना २०२५ च्या उन्हाळ्यात पडला, म्हणून २९ जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा ३८४ मिळवायचे. उत्तर १७ फेब्रुवारी २०२६.